मागच्या पायरीवर

रॉइस टिलरी आमच्या शेजारी राहायला आला त्या दिवशी मी जेराल्डला पैजेवर सांगितलं होतं, हा गडी वर्षभरसुद्धा टिकायचा नाही. जेराल्ड म्हणजे माझा नवरा. भाड्याच्या ट्रकमधून रॉइसने सगळ्यात आधी बाहेर काढला तो पलंग नव्हता की टेबल नव्हतं, तो होता हॅस्केट कॉलेजचा नारिंगी झेंडा. आणि तो त्याने आमच्या वेदरली गावात, जिथे दातांच्या दवाखान्याच्या भिंतीसुद्धा आमच्या कॉलेजच्या हिरव्या रंगाच्या आहेत, तिथे व्हरांड्याच्या खांबाला बांधला. समोरच्या घरातल्यांनी पडदे ओढून घेतले. मी मात्र पीचचा केक घेऊन गेले. नवा शेजारी म्हटल्यावर काहीतरी न्यावंच लागतं, मग तो हॅस्केटचा का असेना.

"मिस अर्लीन," केक हातात घेऊन तो म्हणाला (इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात), "यात विष तर नाही ना?"

"आज नाही," मी म्हटलं. "नोव्हेंबरात मात्र विचारून खात जा."

त्याच्या मागे उभी असलेली त्याची बायको नॅडीन इतकी हसली की तिला खोक्यावर बसावं लागलं. मला ती तिथेच आवडली.

ती भुईमुगाच्या रोगांवर काम करायची. पानांवरचे ठिपके, शेंगांची कूज, असलं सगळं. हॅस्केटच्या कॉलेजात तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती. दर मे महिन्यात आता काढतात की ठेवतात म्हणून जीव टांगणीला. वेदरलीने तिला कायमची जागा दिली, प्रयोगशाळा दिली, गावाबाहेर स्वतःची वीस एकर शेती दिली. नव्वद मैलांचं तर अंतर. पण दोन्ही कॉलेजं दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी एकमेकांशी फुटबॉल खेळतात, आमच्याकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि त्या एका सामन्यापायी इकडे लग्नं मोडलेली आहेत, भाऊ भावाशी बोलायचा थांबलेला आहे. रॉइसचा बाप, क्लोव्हिस, हॅस्केटच्या मैदानात एकाच बाकावर चाळीस वर्षं बसला होता. मुलगा वेदरलीला निघाला तेव्हा तो म्हणाला, "लोक गाव बदलतात. तू पक्ष बदलतोयस." त्यानंतर चर्चमध्ये कोणी विचारलं की तो सांगायचा, रॉइस ओहायोला असतो. मरेपर्यंत ओहायोच सांगत राहिला.

"पाच वर्षं," नॅडीनने रॉइसला वचन दिलं होतं. "पाच वर्षं काढू आणि परत जाऊ." त्याची एकोणीस झाली.

रॉइसचं तिथे दुकान होतं, बापाने काढलेलं, कॉलेजच्या बँडहॉलच्या मागेच. पितळी वाद्यं दुरुस्त करायचं. ते बंद करून तो आला आणि इथे गॅरेजमध्ये तेच मांडलं. पहिलं वर्षभर एक गिऱ्हाईक आलं नाही. मग आमच्या कॉलेजच्या बँडचा एक ट्यूबा, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, जिन्यावरून गडगडत गेला, सामना चार दिवसांवर, आणि बँडच्या मास्तरांना नाक मुठीत धरून रॉइसकडे यावं लागलं. त्याने पोलादी गोळे आत सोडून, वरून लोहचुंबकाने हळूहळू घासून एकेक पोचा काढला. मग चाचणी म्हणून तो ट्यूबा खांद्यावर घेऊन त्याने गॅरेजच्या दारात उभं राहून हॅस्केटचं विजयगीत वाजवलं. आख्खं! पुढे तो रिवाजच पडला. आमच्या बँडचं एकही वाद्य आधी हॅस्केटचं गाणं वाजवल्याशिवाय त्या गॅरेजमधून बाहेर पडलं नाही. जेराल्ड खिडकीतून ओरडायचा, "अरे, त्याला निर्जंतुक करून तरी दे!"

पण मी कुंपणापलीकडेच राहते. खेळाच्या हंगामात दर शनिवारी गाव हिरवे कपडे घालून मैदानाकडे निघायचं, गाड्यांच्या मागे शेगड्या पेटायच्या, डुकराच्या मांसाचा धूर गल्लीभर पसरायचा, तेव्हा हा माणूस घरात एकटा बसलेला असायचा. हसायचा सगळ्यांशी. पण त्याचं आपलं म्हणावं असं एक माणूस इथे नव्हतं. आणि हे नॅडीनला दिसत होतं. एकदा कुंपणावरून मला उकडलेल्या शेंगा देताना ती म्हणाली, "त्याने मला कधीच बोलून दाखवलं नाही, अर्लीन. एकदा भांडला असता ना, तर मला बरं वाटलं असतं."

क्लोव्हिस वारला तेव्हा हॅस्केटचं घर रॉइसच्या नावावर झालं. ते त्यांनी विकलं नाही. नॅडीन पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होती. नंतर परत जायचं, हे नक्की ठरलं होतं. त्याने तिथल्या स्वयंपाकघराला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. पिवळा, तिच्या आवडीचा.

आता पनवतीचं सांगते. ते समजलं नाही तर पुढचं काहीच समजायचं नाही.

आमच्याकडे सामना चालू असताना जो जिथे बसलाय तिथेच बसतो. आपला संघ पुढे असेल तर लघवीलासुद्धा उठायचं नाही. आणि कोणी खोलीत आल्याबरोबर आपल्या हातून चेंडू सुटला, तर ते माणूस पनवती. त्याला बाहेर जावं लागतं आणि सामना संपेपर्यंत बाहेरच राहावं लागतं. यात राग नाही, अपमान नाही. मी स्वतः एकदा सबंध दुसरा भाग कपडे धुवायच्या खोलीत काढलाय, आणि जेराल्डची आई, वय वर्षं ब्याऐंशी, अंगणात मोटारीत बसून होती, मांडीवर ताट घेऊन. आम्ही जिंकलो आणि तिने महिनाभर त्याचं श्रेय घेतलं. हे खुळचट आहे ते आम्हालाही कळतं. तरी करतो.

नॅडीनच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते, त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सामना दुपारी अडीचला सुरू झाला. थंडी बऱ्यापैकी होती. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा हॅस्केट सहा गुणांनी पुढे, आणि आमच्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता. आमच्या खेळात ती पंधरा मिनिटं मैदानावरच्या घड्याळातली असतात. ते घड्याळ सारखं थांबतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात तास निघून जातो. मी कचऱ्याची पिशवी टाकायला मागे गेले. कुंपणापलीकडे नॅडीन त्यांच्या मागच्या पायरीवर बसली होती. अंगावर रॉइसचा जाड कोट, हातात कॉफीचा कप.

"काय गं, हकालपट्टी?" मी विचारलं.

"तीनदा आत गेले आणि तिन्ही वेळा हॅस्केटच्या हातून चेंडू पडला," ती म्हणाली. "चौथ्यांदा त्याने हातच जोडले. म्हणाला, नॅडी, तुझ्या पाया पडतो, तिकडेच थांब."

"गारठशील. आमच्याकडे येऊन बस."

"तुमच्याकडे बसून तुम्हाला हरवू?" ती हसली. मग म्हणाली, "त्याने माझ्यासाठी सगळं सोडलं, अर्लीन. मला एवढं पायरीवर बसता येत नाही होय?"

तेवढ्यात तिच्या डाव्या हातातला कप निसटला. पायरीवर फुटला. तिने हाताकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, बोटं उघडमीट केली आणि म्हणाली, "थंडी." तिचं डोकंही दुखत होतं, असं काहीतरी ती म्हणाली. मी कुंपणाशी होते. चार पावलांवर फाटक होतं. आणि आतून जेराल्ड ओरडला, "अर्लीन! धाव, धाव, चेंडू आपल्याकडे आलाय!"

मी धावले. आत.

तासाभराने हॅस्केट जिंकलं. पलीकडचं मागचं दार उघडल्याचं मी ऐकलं आणि रॉइसचा आवाज ऐकला, "जिंकलो, नॅडी! ये आत, शिक्षा संपली!" त्यानंतर तोच आवाज, पण तसा आवाज मी त्याआधी माणसाचा ऐकला नव्हता.

नॅडीनच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. चार दिवस ती दवाखान्यात होती, बोलली नाही. तासभर आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. तिला इथेच, टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवलं. तिच्या विद्यार्थ्यांना, शेतावरच्या माणसांना येता यावं म्हणून. हॅस्केटहून नारिंगी फुलं आली, आमच्या बँडने हिरवी दिली. दोन्ही एकाच कबरीवर.

लोकांनी घर भरेस्तोवर जेवण नेऊन दिलं. रॉइस दार उघडायचा, भांडं घ्यायचा आणि सांगायचा, "मी तिला बाहेर बसवलं होतं." पोस्टमनला सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं, दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोरीला सांगितलं. ऐकणारा विषय बदलायचा, कारण त्या दिवशी गावातल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी बाहेर बसलेलंच होतं.

मला मात्र तो वेगळंच विचारायचा. "मिस अर्लीन, ती तिथे बसून काय विचार करत असेल? मी खेळ निवडला, तिला नाही, असंच वाटलं असेल ना तिला? जाताना ती माझ्यावर रागावलेली होती का, एवढंच मला कळायला हवं होतं."

याचं उत्तर या जगात एकाच माणसाकडे होतं. मी दोन शब्द बोलले असते तर त्याला झोप लागली असती. पण ते सांगायचं म्हणजे कपाचंही सांगावं लागणार होतं. तो आमच्याकडे जेवायला यायचा, मी त्याच्यासमोर बसून म्हणायचे, "नाही रे, ती का रागावेल?" आणि तो गेल्यावर मला स्वतःचं तोंड आरशात बघवायचं नाही. जेराल्डलाही मी सांगितलं नव्हतं. सत्तरीला आलेली बाई मी, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, एका पोराला कधी खरचटू दिलं नाही, आणि एवढं धाडस मला झालं नाही. वर्ष गेलं.

ऑक्टोबरात त्याने घर विकायची पाटी अंगणात रोवली. वाद्यांचं सामान खोक्यांत गेलं. झेंडा उतरला. सगळे म्हणाले, बरं झालं, जाऊ दे बिचाऱ्याला आपल्या गावी.

मग पुन्हा तो शनिवार आला. पहिला भाग संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडून टीव्हीचा आवाजच नाही. मी मागे गेले. रॉइस त्या पायरीवर बसला होता, तोच कोट घालून. जेराल्ड आतून म्हणाला, "कुठे चाललीस? आपण पुढे आहोत, उठू नकोस!" मी फाटक उघडलं.

उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते. ती हसत होती ते सांगितलं. तू हात जोडलेस ते ती कौतुकाने सांगत होती, ते सांगितलं. "त्याने माझ्यासाठी सगळं सोडलं, मला एवढं पायरीवर बसता येत नाही होय?" हे तिचे शब्द जसेच्या तसे. मग कप. मग डोकं. मग जेराल्डची हाक, आणि मी धावले ते.

तो माझ्याकडे बघत नव्हता. पायरीच्या दगडाकडे बघत होता.

"वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर मी तुमच्या टेबलावर जेवलो."

"हो."

"चार पावलांवर फाटक."

"हो, रॉइस."

पुढच्या घरातून आरोळी उठली, मग सगळ्या गल्लीतून. कोणाचं काय झालं, आम्ही दोघांनीही मान वळवली नाही. मला वाटलं, आता हा मला घालवून देईल, आणि द्यावंच. मग तो कडेला सरकला आणि हाताने शेजारची जागा दाखवली.

"हसत होती?"

"हसत होती."

"पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. संपल्यावर तो म्हणाला, "पुन्हा." अंधार पडेपर्यंत मी तीनदा सांगितलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी त्याने अंगणातली पाटी उपटली. हॅस्केटचं पिवळ्या स्वयंपाकघराचं घर त्याने विकून टाकलं. का, असं मी विचारलं तर म्हणाला, "तिला वेदरलीत एकटीला ठेवून जाऊ? तिचं तर इथे कोणीच नाही." एकोणीस वर्षं या गावात हेच स्वतःचं दुःख तो गिळत आला होता.

गॅरेज पुन्हा चालू आहे. ट्यूबा येतात, दुरुस्त होऊन जातात, पण चाचणीला आता तो एकच सूर वाजवतो, लांब, आणि थांबतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, सामना सुरू झाला की कुंपणावरून हाक येते, "मिस अर्लीन, येताय ना?" मी जाते, पायरीवर बसते आणि पहिल्यापासून सांगते. आता चार वर्षं झाली. कपाचं मी कधी गाळत नाही.