गुरुसिद्धप्पांचा चौथा अल्बम

जळकोटचे गुरुसिद्धप्पा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. वय एकसष्ट. तीन अल्बमच्या वादकांत त्यांचं नाव आहे. पहिला पुण्याच्या रॉक बँडचा. त्या पोरांची गाडी हायवेवर वरातीमागे अडकली, तिथंच ओळख झाली. दुसरा मुंबईच्या एका जॅझ त्रिकूटाचा. तिसरा श्रीनाथ या तरुण संगीतकाराचा. त्यात व्हायोलिन-चेलोवाले चौघे नोटेशन समोर ठेवून बसले होते आणि मध्ये हे, कागदाशिवाय. श्रीनाथ फोनवर गाऊन दाखवायचा. हे दोनदा ऐकत आणि म्हणत, "बसलं डोक्यात."

गेल्या दिवाळीत श्रीनाथनं चौथ्या अल्बमचं कळवलं, रेकॉर्डिंगला पुण्याला बोलावलं. सगळी रचना क्लॅरोनेटभोवती होती. त्याच महिन्यात गावात दातांचं मोफत शिबिर झालं. गुरुसिद्धप्पांचे खालचे दात गेले होते, वरचे सात शाबूत होते. शिबिरात फक्त अख्खी कवळी मिळत होती. ते म्हणाले, सगळे काढा. काम काय करता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. क्लॅरोनेट वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकतं. चाळीस वर्षांत त्याचा विचार करायची वेळच आली नव्हती.

कवळी बसली. फुंक मारली की ती हलायची आणि हवा कडेनं निसटायची. त्यांनी कवळी चिकटवायची पावडर लावून पाहिली, मग कवळी काढून नुसत्या हिरड्यांवर वाजवून पाहिलं. वरचे सूर लागेनात.

"जेवता येतंय न्हवं?" बायको शिवम्मा म्हणाल्या.

"येतंय की. पण भाकरी खायला कोण बोलावतंय पुण्याला?"

श्रीनाथला त्यांनी काहीच कळवलं नाही. हे पुण्याला येईनात म्हणून फेब्रुवारीत तो माइक घेऊन घरीच आला. गुरुसिद्धप्पांनी अकरा मिनिटं वाजवलं. सूर तुटत होता, मध्ये नुसता फुसफुस आवाज. श्रीनाथनं ते हेडफोन लावून पुन्हा ऐकलं.

"अप्पा, ही हवासुद्धा चांगली वाटतेय. अशीच ठेवतो."

"हवाच हाय ती. सूर कुठं हाय?"

"आमच्या संगीतात असं चालतं."

"चालत आसंल. वापरा तुमी." मग म्हणाले, "नाव टाकू नका माझं. बँडमधली माणसं ऐकत्यात."

"मग कुणाचं टाकू?"

"कुनाचंच नगं."

अल्बम जूनमध्ये आला. वादकांच्या यादीत चार नावं आहेत. क्लॅरोनेटचा उल्लेख नाही. गुरुसिद्धप्पांनी तो ऐकलेला नाही.