भुताकडे सायकल नसते

मी लग्न होऊन डोंबिवलीच्या या इमारतीत आले, त्याच्या चौथ्या दिवशी जिन्यात वरचे काका भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक भुवई वर नेली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सासूबाई कशा वाटल्या? दचका की धास्ती?"

सासूबाई माझ्या मागे दोनच पायऱ्यांवर होत्या. त्या म्हणाल्या, "धास्ती म्हण गं, म्हणजे सुटशील."

काका पुढची पंचवीसेक वर्षं हा प्रश्न मला विचारत राहिले. माझ्या नाटकाचा प्रयोग झाला की, नवीन सेक्रेटरी निवडून आला की, एकदा तर मी केलेली मिसळ खाताना. ते भयपटांचे आयुष्यभराचे रसिक होते आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींचे त्यांनी दोनच वर्ग केले होते. हा फरक तुम्हाला आधी सांगते, नाहीतर काका कळायचे नाहीत.

दचका म्हणजे कपाटावरून मांजर उडी मारतं, तो. मांजर खाली, आपण जागेवर, विषय संपला. धास्ती म्हणजे मांजर तीन दिवस कुणी पाहिलेलं नाही, आणि दूध मात्र रोज संपतंय.

"घाबरायला मराठीत काय शब्द आहेत बघ," ते म्हणायचे. "धाकधूक, धसका, धडकी, धास्ती. सगळे ध चे. छातीचा आवाजच तो. दचका बिचारा अजून द वरच अडकलाय." नव्या भयपटांवर त्यांचा राग होता तो याच कारणाने. त्यांत दर पाच मिनिटांनी मांजर उडी मारतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना जुने सिनेमे लागत. काळे-पांढरे. ते एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत शेड जुळवायच्या कामावर होते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीचा रंग आणि भांड्यातला रंग डोळ्यांनी जुळवायचा. "दिवसभर रंगच बघतो," ते म्हणत. "घरी तरी काळं-पांढरं असू दे."

सिनेमांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. आमच्या नाक्यावर सीड्या भाड्याने देणारं दुकान होतं, तिथे जाऊन ते मागायचे, "पडद्याखालून नुसते बूट दिसतात, तो द्या." किंवा, "आरशातली बाई जरा उशिरा हलते, तो." दुकानदार कावायचा. पण काकांचं उत्तर ठरलेलं होतं. नाव आपण विसरतो हो, बूट नाही विसरत.

आणि सिनेमा बघायची वेळ शनिवारी दुपारी तीनची. रात्री मुळीच नाही. रात्री काय, कुणीही घाबरतं. भर दुपारी, खाली भंगारवाला ओरडत असताना ज्या सिनेमाने काटा येतो तो खरा. पडदे ओढून आम्ही तिघं बसायचो. काका खुर्चीत, मी सोफ्यावर, आणि काकू खाली चटईवर मटार सोलत.

काकूंना कशाचीच भीती वाटायची नाही. पडद्यावर बाई थरथरत जिना चढायला लागली, माझे पाय सोफ्यावर गेले, की खालून काकूंचा स्वच्छ आवाज यायचा, "आधी दिवा लाव म्हणावं तिला." पुढच्या प्रसंगात ती तळघरात उतरे. "परत अंधारात. दिवा लावायचा नाही आणि मग किंचाळायचं." काका कळवळून म्हणायचे, "अगं, दिवा लावला तर सिनेमा कसा होईल?" काकू म्हणायच्या, "नका करू."

एकदा काका चहा गाळायला आत गेलेले, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. "तुला म्हणून सांगते. यांना एकट्याने बघायची छाती नाही. मी बाहेर गेले की टीव्ही बंद करून बाल्कनीत उभे राहतात. मी काय मटार सोलायला बसते होय? राखण करते." मग दोघीही इतकं हसलो, की आतून काकांनी विचारलं, "कुठला आला सीन?"

मी हे गुपित कधी फोडलं नाही. आज पहिल्यांदाच तुमच्यापाशी बोलतेय.

काका निवृत्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत काकूंचं विसरणं सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ. गॅसवर रिकामं पातेलं. मग मटाराच्या शेंगा पिशवीत आणि दाणे कचऱ्यात. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. ते तुम्ही ऐकलेलं आहे. काका सकाळच्या औषधाचं बघत, कुलपाचं बघत, आणि आम्हाला वाटायचं, चाललंय ठीक.

एका दुपारी काकू माझ्या दारात आल्या. अनवाणी. माझा हात धरून कुजबुजल्या, "आमच्या घरात एक माणूस आहे गं. आरशातून बघतो."

मी हौशी नाटकातली बाई. चोर आहे, दुपार आहे, हातात लाटणं आहे; असा प्रवेश पुन्हा मिळायचा नाही, म्हणून मी पदर खोचून वर गेले. काकू मागे, माझा खांदा धरून. दार उघडंच होतं. बेसिनपाशी काका दाढी करत उभे. अर्धा चेहरा फेसात. आरशात त्यांना मी दिसले, लाटणं दिसलं, आणि ते म्हणाले, "पोळ्या करायला आलीस?"

माझ्या खांद्यावरची काकूंची बोटं रुतली. "तोच," त्या म्हणाल्या.

काकूंना मी खाली माझ्या घरी नेऊन बसवलं आणि परत वर आले. काका तसेच उभे होते. फेस वाळायला लागला होता. चष्मा नाकावरच होता, भुवई जागच्या जागी.

"दचका की धास्ती?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला.

"किती दिवसांपासून आहे म्हणाली, तो माणूस?"

"बऱ्याच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि राहिलेली दाढी तशीच ठेवून तोंड धुतलं.

त्यांची लेक मेधा ठाण्याला असते. ती दुसऱ्या दिवशी आली. खडवलीच्या बाजूला वृद्धांची देखभाल करणारं एक केंद्र होतं, चांगलं होतं, तिने बघून ठेवलेलं. "बाबा, आईची औषधं, जेवण सगळं आपण करू शकतो," ती म्हणाली. "पण ती तुम्हालाच घाबरत असेल तर ती या घरात राहणार कशी? चोवीस तास?" काकांनी एक महिना मागून घेतला.

आणि मग त्यांनी वही काढली. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची त्या वहीत नोंद होती. कुठे दचकलो, कुठे धास्ती बसली, आणि ती दिग्दर्शकाने कशी बसवली. मागून येणारी सावली. उजेडाकडे पाठ करून उभा माणूस. पाऊल न वाजता आलेला. न बोलता बघणारा. आयुष्यभर काकांनी माणसाला घाबरवायचं कसं याचा अभ्यास केला होता. आता ती वही त्यांनी उलटी वाचायला घेतली.

पहिल्यांदा आरसा. त्यांनी त्यावर पांढरी चादर टाकली. मी वर गेले आणि जिथल्या तिथे थबकले. "काका, हे तर आणखी भयाण दिसतंय."

त्यांनी मागे सरून बघितलं. "खरंच की. हे आलंय एकात." दुसऱ्या दिवशी आरसा भिंतीवरून उतरला आणि माझ्या घरी आला. त्याच्याबरोबर काकाही आले. त्यानंतर रोज सकाळी साडेसातला ते माझ्याकडे दाढी करायचे, आणि आमचे हे तोंडात ब्रश धरून रांगेत उभे राहायचे.

पडदे काढले. पॅसेजमधला बल्ब दिवसाही चालू. दार करकरायचं म्हणून बिजागरीत तेल घातलं, आणि तासाभरात कपाळावर हात मारून घेतला. बिनआवाजाचं दार त्याहून वाईट. सगळं तेल पुसून काढलं.

मग शर्ट. पांढऱ्यात त्या घाबरत. गडद निळ्यात जास्तच. काका रोज एक रंग घालून बघायचे आणि वहीत लिहायचे, कंपनीत लिहीत तसं. अखेर लिंबासारखा फिका पिवळा जुळला. मी त्या शेडचे पाच शर्ट शिवून आणले. पाचवा जरा केशरीकडे गेला होता. तो त्यांनी परत पाठवला.

तरी पावलाचा प्रश्न उरला. खोलीत येण्याआधी काकूंना कळायला हवं की कुणी येतंय. मी सुचवलं, पायात घुंगरू बांधा. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू पंचवीस वर्षं मी त्यांच्या सोफ्यावर बसून फुकट घालवली. "घुंगरू? अगं, निम्म्या हडळी घुंगरू घालूनच येतात."

दोन दिवसांनी वरच्या घरात सायकलची घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. थांबून पुन्हा. काकांनी कंपनीत न्यायच्या जुन्या सायकलची घंटी काढून खिशात ठेवली होती. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायचं तर घंटी. मग आवाज, "मी येतोय हं. डावीकडून येतोय. हातात चहा आहे."

"घंटीच का?" मी विचारलं.

"सगळी वही बघितली," काका म्हणाले. "कुठल्याच भुताकडे सायकल नसते."

खालच्या दूधवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की वरच्या आजोबांचं डोकं ठीक आहे ना. मी म्हटलं, इमारतीत तेवढ्याच एका डोक्याची खात्री आहे.

महिना झाला. मेधा आली, पर्समध्ये खडवलीचा फॉर्म घेऊन. आम्ही तिघी, काकू, मेधा आणि मी, हॉलमध्ये बसलो. आतून घंटी वाजली. मी काकूंच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर शांत पडले होते.

"ते सायकलवाले आले," काकू मेधाला म्हणाल्या. "चांगले आहेत हो. सांगून येतात. नाहीतर हल्ली कोण येतं सांगून?"

पिवळ्या शर्टातले काका डावीकडून आले, चहा ठेवला, आणि समोर, उजेडाकडे तोंड करून बसले. मेधा पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली ती बराच वेळ आली नाही. फॉर्म पर्समधून बाहेर निघाला नाही.

जिन्यात मी काकांना विचारलं, वाईट वाटलं का, तिने ओळखलं नाही म्हणून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, महिन्याभरात पहिल्यांदाच. "संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं ती आजच बोलली," ते म्हणाले.

पुढे दोन वर्षं काकू त्याच घरात राहिल्या. सायकलवाल्यांबरोबर.

त्या दोन वर्षांत काकांनी वर एकही सिनेमा लावला नाही. एका शनिवारी मेधा आईला ठाण्याला घेऊन गेली होती, तेव्हा मी मुद्दाम माझ्या घरी बेत केला. तीनची वेळ, पडदे ओढलेले, त्यांचा आवडता जिन्याचा सिनेमा. काका खूश होऊन बसले. बाईने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि काका उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी माझ्या हॉलमधली ट्यूब लावली.

"बंद कर गं," ते म्हणाले. "पूर्वी मी हे भुताच्या बाजूने बघायचो."

काका गेले ते मात्र न सांगता. सकाळी साडेसात वाजले, पावणेआठ झाले, आमचे हे बेसिन मोकळं बघून गोंधळले. मी वर गेले. काकू हॉलमध्ये शांत बसल्या होत्या, पॅसेजचा बल्ब चालू होता. सायकलवाले अजून झोपलेत, त्या म्हणाल्या.

आता काकू ठाण्याला मेधाकडे असतात, टेंभी नाक्यापासून जवळ. मेधाने जाताना पिवळे शर्ट नेले, वही मला दिली. घंटी कुणालाच सापडली नाही. आरसा माझ्याकडेच आहे. तो आमच्या उंचीला जरा वर पडतो. काकांच्या उंचीला लावलेला.

गेल्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले. सोबत मटार नेले होते. आम्ही तिघी सोलत बसलो. काकूंच्या हातांना ते काम आठवतं. मला त्यांनी ओळखलं नाही, मेधाला त्या ताई म्हणत होत्या. बाहेर संध्याकाळ झाली होती, पण अजून दिसत होतं म्हणून कुणी उठलं नव्हतं.

खाली गल्लीत पाववाला आला. ट्रिंग ट्रिंग. थांबून पुन्हा.

काकूंचे हात थांबले. त्यांनी शेंग टोपलीत ठेवली, दाराकडे बघितलं, आणि पूर्वी चटईवरून यायचा त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ऊठ मेधा, आधी दिवा लाव. तुझे बाबा घाबरतात अंधाराला."

मेधाने उठून पॅसेजचा दिवा लावला.