पाटाच्या मापाची गाडी

माझी पहिली इलेक्ट्रिक स्कूटर मी निवडली नाही, ती आमच्या गणपतीच्या पाटाने निवडली. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. त्या पाटापायी माटुंग्यापासून भायखळ्यापर्यंत पाच शोरूममध्ये मी माझं हसं करून घेतलं आहे.

मूळ दुखणं मात्र आदल्या वर्षीच्या चतुर्थीचं. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो, आई, बाबा आणि मी. गणपती दर वर्षी परळच्या कारखान्यातून बाबाच आणत. पाय अनवाणी, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि टॅक्सीचं नाव काढायचं नाही. वय तेव्हा शहात्तर. त्या वर्षी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचे गुडघे लटपटले. ते खाली बसणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने पुढे होऊन मूर्ती हातातून घेतली. या शेजाऱ्याला आम्ही दादा म्हणतो. पन्नाशीचा आहे आणि चाळीतल्या पाण्याच्या मोटरपासून माझ्या लग्नापर्यंत सगळ्यावर त्याचं मत तयार असतं. मूर्तीला ओरखडासुद्धा गेला नाही. वरच्या मजल्यापर्यंत मूर्ती दादाने नेली, दारात आईने दूध-पाणी दादाच्या पायांवर घातलं, आणि बाबा मागून रिकाम्या हातांनी घरात आले. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. आरतीला त्यांनी टाळसुद्धा घेतले नाहीत.

मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या वर्षीपासून मूर्ती मी आणणार. बाबांनी जिन्यात काही उचलायचं नाही." बाबा भांडले असते तर बरं वाटलं असतं. ते मोदक खायला लागले.

पुढच्या वर्षी माझी जुनी पेट्रोलची स्कूटर भंगारात गेली. मी गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता नीट दिसतंय? की हे नीट?" विचारायचं. मापात चुकायचं नाही हा माझा धंदा. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरल्यावर मी रीतसर यादी केली. एका चार्जिंगमध्ये किती जाते, ब्रेक कसे आहेत, सीटची उंची किती, कारण माझी उंची बेताची. आणि सर्वांत महत्त्वाचं, बॅटरी काढून घरी नेता येते का. चाळीत खाली प्लग एकच, तो पाण्याच्या मोटरचा, आणि त्याची चावी दादाकडे.

यादी घरात वाचून दाखवली ही माझी चूक. आई म्हणाली, "पुढे दोन पिशव्या अडकवायला हूक हवा." दादा गॅलरीतून म्हणाला, "पिकअप बघ, उड्डाणपुलावर मरते गाडी." दादाला सायकलसुद्धा चालवता येत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सायकल कशाला लागते. बाबा मात्र उठले, माळ्यावरून गणपतीचा पाट काढला आणि फडक्याने पुसायला बसले.

"आधी पाट बसता काय ता बघ," ते म्हणाले. "बाकी सगळा मागसून."

पाट फणसाचा, गावाहून आलेला, कडेला पितळी फुल्या. आमच्याकडे मूर्ती सांगितली की पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, म्हणजे मूर्ती त्याच पाटावर बसून तयार होते. बाबा दर वर्षी नागपंचमीला पाट देऊन येतात. म्हणजे गाडी त्याआधीच ठरायला हवी होती, कारण एकदा पाट गेला की माप घ्यायला पाट नाही. फूटपट्टीने माप घेऊन कागदावर लिहून नेऊ, असं मी सुचवलं.

"तू गप ऱ्हव गो," बाबा म्हणाले. "देव कागदार बसता?"

मी फूटपट्टी जागेवर ठेवली, आणि मनात जरा हलकंही वाटलं. गणपती माझ्या गाडीवरून आणायला बाबा तयार आहेत, म्हणजे त्यांनी ते मान्य केलंय, असा मी अर्थ लावला.

मग आमची तिघांची वरात निघाली. पहिल्या शोरूममध्ये, दादरला, पाट बघून तिथली सेल्सगर्ल म्हणाली, "काका, हे जुन्या गाडीचं सीट आहे का? एक्सचेंजमध्ये लाकडी घेत नाही आम्ही." लोअर परळला शोरूम मॉलमध्ये होतं. तिथे पाट बॅगांच्या मशीनमधून गेला आणि पितळी फुल्या बघून दारावरचा माणूस विचारात पडला. "इस में क्या है?" त्याने विचारलं. "कुछ नहीं, भगवान बैठते हैं," मी म्हणाले. त्याने पाट उलटा करून खाली बघितलं आणि आम्हाला सोडलं.

बाबांची तपासणीची पद्धत ठरलेली होती. चपला काढायच्या. पाट स्कूटरच्या पुढे, पाय ठेवायची सपाट जागा असते तिथे, ठेवायचा. खिशातून सुपारी काढून पाटाच्या मध्यावर ठेवायची, कारण पाट मोकळा ठेवू नये. मग दोन पावलं मागे होऊन बघत उभं राहायचं. दोन गाड्यांवर सुपारी घरंगळली. त्या बाद. एकीवर पाट तिरका बसला. तीही बाद. भायखळ्याच्या शोरूममध्ये तर एक नवराबायको आपली गाडी बघायची सोडून सुपारीकडे बघायला लागली. "आमच्या गाडीवर पण ठेवून बघा ना काका," बायको म्हणाली. बाबांनी ठेवली. घरंगळली. त्यांनी ती गाडी घेतली नाही, आणि शोरूमवाल्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पाचवं शोरूम माटुंग्याचं. तिथली मुलगी शांत होती. बाबा चपला काढताहेत म्हटल्यावर तिनेही सँडल काढले. पाट ठेवला. बोटभरसुद्धा जागा उरली नाही, जणू सुताराने माप घेऊन बसवला. सुपारी हलली नाही. मुलीने टाळ्या वाजवल्या, आईने नमस्कार केला. मग ती मुलगी मला गाडीची बाकीची वैशिष्ट्यं सांगायला लागली. बॅटरी सुटी, अकरा किलोची, हँडल धरून उचलता येते. एक वॉक मोडही होता, म्हणजे आपण गाडीच्या बाजूने चालायचं आणि गाडी आपल्याबरोबर हळूहळू येते.

"चालायचंच असेल तर गाडी कशाला घेऊ?" मी म्हणाले.

"अडचणीच्या जागेतून काढायला, मॅडम," ती म्हणाली. "कोणी वापरत नाही तसं."

मी एक चक्कर मारून आले. गाडी छान पळत होती. घेऊन टाकली.

गाडी आली आणि बाबांना बॅटरीचा नाद लागला. संध्याकाळी मी गिरगावातून येईपर्यंत ते खाली ओट्यावर बसून असत. माझं हेल्मेट निघायच्या आत सीट उघडून बॅटरी बाहेर. पहिल्या दिवशी मी त्यांच्यावर खेकसले, डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांनी ऐकलं नाही. पहिला आठवडा ते पहिल्या मजल्यापर्यंत नेत आणि तिथल्या पाण्याच्या पिंपावर ठेवत. तिथून दादा वर आणून देई. नंतर दुसऱ्या मजल्यापर्यंत, दादाच्या दारातल्या स्टुलापर्यंत. महिनाभराने थेट वर.

नेणं एक वेळ ठीक. पण कसं नेत! हँडल असताना हँडलला हात लावायचा नाही. दोन्ही हातांवर आडवी घेऊन छातीशी धरायची. वर रुमाल. चपला खाली काढलेल्या.

"रुमाल कशाला, बाबा?"

"धूळ बसता."

"आणि चपला?"

"पाय घसरता."

"अजून सत्तर टक्के चार्जिंग आहे. आज वर न्यायची गरज नाही."

"कोणी न्हेली तर?"

चाळ काय गप्प बसणार? पोरंसोरं जिन्यातून "बॅटरीबाप्पा मोरया" ओरडायला लागली. सुरुवात अर्थातच दादाने केली. आई म्हणाली, म्हातारपणी माणसाला कशाचा लळा लागेल सांगता येत नाही, तिच्या मामाला शेवटी शेवटी कुकरच्या शिट्टीचा लागला होता. मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. आठ तास लोकांच्या डोळ्यांत बघून आल्यावर अकरा किलो घेऊन तीन मजले चढायला कोणाला हवंय? सकाळी खाली उतरवायचं काम माझं, पण उतरायला काय लागतं.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. दीड फुटाची शाडूची मूर्ती आमच्या पाटावर बसून तयार होती. कारखान्यातल्या दोघांनी ती अलगद उचलून स्कूटरवर ठेवली. पाट असा बसला की मला माझ्याच निवडीचा अभिमान वाटला. मी पदर खोचला, सीटवर बसले, किल्ली फिरवली आणि पाय उचलले.

पाय ठेवायला जागा नव्हती.

पाच शोरूममध्ये आम्ही पाट मोजला होता, सुपारी मोजली होती. ज्या जागेला पाय ठेवायची जागा म्हणतात, तिथे पाय कुठे ठेवायचे याचा विचार एकाही माणसाने केला नव्हता. मी तर लोकांच्या डोळ्यांचा पाव नंबरसुद्धा चुकू देत नाही. आता दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवून बेडकासारखी बसले होते. मागे मूर्ती न्यायला आलेल्यांची रांग, पुढे ढोलपथक.

"आता पाय खंय ठेवतलस?" बाबांनी अगदी शांतपणे विचारलं.

मला रडू येणार होतं. मग माटुंग्याची मुलगी आठवली. मी खाली उतरले, वॉक मोड लावला आणि हँडल धरून चालायला लागले. गाडी गुपचूप माझ्याबरोबर चालू लागली. बाबा दुसऱ्या बाजूने अनवाणी, एक हात मूर्तीच्या पाठीशी. परळपासून लालबागपर्यंत ती आधुनिक स्कूटर सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चालीने आली. रस्त्यातल्या एकाने विचारलं, "काय ताई, बंद पडली?" बाबा म्हणाले, "नाय. देव आसा पुढ्यात."

चाळीच्या दारात दादा आधीच हात पुढे करून उभा होता. मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः पुढे झाले. तसं ठरलंच होतं. पण मूर्तीला हात लावायच्या आत बाबांनी माझा हात धरला.

"बाजूक हो गो," ते म्हणाले. "दोन म्हयने तालीम केलंय."

आणि त्यांनी मूर्ती उचलली. दोन्ही हातांवर, छातीशी, रुमालासकट. रोज बॅटरी उचलायचे, हुबेहूब तशी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन महिने रोज संध्याकाळी माझे बाबा माझ्या डोळ्यांदेखत गणपती घेऊन जिना चढत होते, आणि मी त्यांना चार्जिंगचे टक्के सांगत होते. मला स्वतःची लाज वाटली. ओरडायचं सोडून मी मागून चढायला लागले.

पहिल्या मजल्यावर ते पिंपापाशी थांबले. मूर्ती ठेवली नाही, नुसते तीन श्वास घेतले. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर, गेल्या वर्षी गुडघे गेले तिथे, दादा धावत पुढे गेला. मला वाटलं, घेतो आता मूर्ती. त्याने दारातलं स्टूल पुढे ओढलं, खांद्यावरचा धुतलेला पंचा त्यावर अंथरला आणि मागे सरकून हात जोडले. त्याला इतकं गप्प मी आजवर पाहिलेलं नाही. बाबांनी मूर्ती टेकवली, गुडघे चोळले, पुन्हा उचलली. तिसऱ्या मजल्यावर आईने दूध-पाणी त्यांच्या पायांवर घातलं. बाबा मूर्ती घेऊन सरळ आत गेले.

मूर्ती मखरात बसल्यावर मला गाडीची आठवण झाली. मखराच्या गडबडीत आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची राहिली होती, आणि आता ती पार उतरली होती. मी खाली गेले, सीट उघडली आणि बॅटरी बाहेर ओढली. वर न्यायची माझी ती पहिलीच वेळ. पहिल्या मजल्यावर हँडल बोटांत रुतलं. दुसऱ्या मजल्यावर दम लागला आणि मी ती दादाच्या स्टुलावर ठेवून तशीच वाकून उभी राहिले. पंचा अजून तिथेच होता.

"रुमाल घाल की वरून," दादा दारातून म्हणाला. त्याचं तोंड परत सुरू झालं होतं.

मी बॅटरी छातीशी धरली. तशी खरंच हलकी लागते. वर पोचले तर आई तांब्या घेऊन अजून उंबऱ्यातच होती. तिने माझ्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं, आणि उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. आत बाबा मांडीवर टाळ घेऊन आरतीची वाट बघत बसले होते.

"चार्जिंगाक लाव गो," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी परत खाली उतरूचा आसा."