जजबाई, हायवे २१२ आणि माझे अकरा गुन्हे

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या आसपास ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळेना, म्हणून आम्ही दोन तासांवरच्या एका चिमुकल्या गावातली पकडली. आम्ही म्हणजे दोघी: गाडीची मालकीण मी, म्हणजे नागपूरची सुनीता, आणि जमीलाआपा. आपा काबूलमध्ये न्यायाधीश होत्या. बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी तुरुंगात धाडलं. सरकार पडलं, ते नवरे सुटले आणि आपांना शोधू लागले. आता इथे सोमवारपासून बेकरीत पहाटेची नोकरी होती, पण तिथे बस जात नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही. नोकरीच्या अर्जात 'आधीचा हुद्दा' हा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता.

हायवे २१२ सरळसोट, दोन्हीकडे मका. जाताना गाडी मी चालवली, इथेच चुकले. आपांनी वही काढली.

"साठ की लिमिट है. आप अड़सठ पर हैं."

"आपा, यहाँ सब ऐसे ही चलाते हैं."

"सब मेरी अदालत में नहीं हैं."

हिंदी त्या मालिका बघून शिकल्या, पण हा सूर मालिकेतला नव्हता. घरून आणलेले धपाटे एका हाताने खात मी दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं, तेही वहीत गेलं. धपाटे पुरावा म्हणून जप्त झाले आणि त्यांनीच संपवले.

मागच्या टेस्टमध्ये आपा नापास झाल्या त्या माझ्यामुळे. चारही बाजूंनी थांबायच्या चौकात मिनेसोटाची माणसं एकमेकांना हात करत 'तुम्ही आधी' म्हणत बसतात. कोणी हात केला की निघायचं, असं मीच शिकवलं होतं. परीक्षकाला ते चाललं नाही.

या वेळी मी तशाच एका चौकातल्या डायनरच्या खिडकीत बसले होते. हलाल काही नसतं तिथे, पण ऑम्लेट आणि ॲपल पाय झकास. समोर माझी गाडी येऊन थांबली, स्टिअरिंगवर आपा, शेजारी परीक्षक. पाळी होती पिकअपमधल्या एका आजोबांची, पण त्यांनी आपांनाच हात केला. आपा हलल्या नाहीत. आजोबांनी पुन्हा हात केला. मग आपांनी काचेआडून एक बोट उचलून रस्ता दाखवला, आणि आजोबा मुकाट्याने निघून गेले.

आपा पास झाल्या.

परतताना गाडी त्यांच्याकडे. बरोबर साठ. एक ट्रॅक्टर सोडून सगळे आम्हाला ओलांडून गेले.

"पिछले लंबे सफ़र में मैं सीट के नीचे थी, कंबल ओढ़कर," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं.

"रोइए मत. पहले बेल्ट ठीक कीजिए."

तुम्ही जाणार असाल तर टेस्ट सकाळची घ्या, तो ॲपल पाय चुकवू नका, आणि शेजारी न्यायाधीश असेल तर चावी आधीच देऊन टाका. आपांनी वहीवरून लिहून दिलेलं निकालपत्र माझ्या नवऱ्याने हौसेनं फ्रिजवर लावलंय: अकरा गुन्हे, शिक्षा महिनाभर शेजारच्या सीटवर. खाली आपांची सही आहे. आणि सहीखाली, या देशात आल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी आपला हुद्दा लिहिलाय.