दोन जिवांचा उपास

पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच आलं आणि रडलंच नाही. तेव्हा मला विसावंही लागलं नव्हतं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पोरगी अजून कवळी होती. मी मात्र मनाशी पक्कं केलं, की देवाचं काहीतरी करायचं राहून गेलं असणार. पुन्हा दिवस गेले, तशी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलले, लेकरू हाती लागेपर्यंत सोमवार आणि शनिवार निर्जळी धरीन.

सासूबाई कळवळून म्हणायच्या, घोटभर दूध तरी घे. नर्सबाईंनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पोटही महिन्याच्या मानाने लहान आहे म्हणाल्या. पण उपासाच्या दिवशी मी गोळी घेत नसे. गोळीला पाणी लागतं आणि पाण्याने उपास मोडतो! माहेरी मला आडमुठी म्हणायचे, ते काही उगाच नाही. देव सांभाळील असं दिवसभर घोकायची, आणि मनात धडकी भरायची, की पहिल्या वेळी तरी कुठे सांभाळलं?

आठवा लागला तसा हट्ट धरून एका सोमवारी सासूबाईंसोबत गोरेगाव या आमच्या खेड्यातून औंढा गाठलं. तिथे पिंड खाली तळघरात आहे, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. मी वाकले आणि पोट अडलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी मला मागे ओढलं, बाहेर आवारात सावलीला बसवलं आणि त्या पाणी आणायला गेल्या. मला रडू आवरेना. देवाने दारातूनच परत पाठवलं, असंच वाटलं.

शेजारी सिद्धेश्वर गावाकडची एक म्हातारी भाकरीचं फडकं सोडून जेवत होती. "काहून रडून राहिली, माय?" तिने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या पोटाकडे पाहत म्हणाली, "नवस तू बोलली. हे पोटातलं बोललं व्हतं का?"

माझा हात पोटावर गेला.

"दोन जिवाची म्हणत्यात तुला. मंग नवस तुहा अन् उपाशी त्यानं ऱ्हायचं व्हय?"

तिने माझ्या हातावर भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली. पहिला घास कसा गेला ते कळलंच नाही. पोटात लेकराने अशी लाथ मारली, की मी रडता रडता हसले. तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या. मला जेवताना पाहून त्यांनी पदराची गाठ सोडली. गोळी त्यांनी घरूनच बांधून आणली होती, ती मी त्या पाण्याबरोबर घेतली. म्हातारीने फडकं झटकलं आणि ती आपल्या गाडीकडे निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दिवस भरून सरकारी दवाखान्यात मी बाळंत झाले. आधी रडणं ऐकू आलं, मग पोरीचं तोंड दिसलं. नर्सबाई काट्याकडे बघून म्हणाल्या, वजन बराबर आहे. सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या.

हट्टालाच मी भक्ती समजत होते. देवावर भार टाकायचा, तर तो जे हातावर ठेवील तेही घ्यावं लागतं. त्या सोमवारी मला खाली त्याच्यापर्यंत उतरता आलं नाही. त्यानेच वर येऊन मला जेवू घातलं, एवढंच मला कळतं.