हळदीच्या ड्रममध्ये उजळलेली सायकल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. सायकलचा विषय निघाला की घाटाचं सांगायचो, रंगाचं सांगायचो आणि सांगलीच्या ड्रमपाशी आलो की चहा मागवायचो. माझे थोरले साडू आता हयात नाहीत. हळदबाजारात त्यांच्या ड्रमला लोक 'गंजका ड्रम' म्हणायचे. आता काम त्यांचा मुलगा बघतो, तरी काही जुने हमाल अजून तेच नाव घेतात. ते नाव खोटं आहे. ड्रमला गंज नव्हता. गंज माझ्या सायकलचा होता.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. मी फौजेतून सुटून साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो होतो. कासच्या पठारावर फुलं बघायला आलेला एक गोरा माणूस जाताना आपली सायकल लॉजवर टाकून गेला होता. लॉजच्या गच्चीवर ती काही पावसाळे भिजत पडली. मालक ओळखीचा. म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारवाला आहेच.

डोंगरात चालवायची पोलादी सायकल होती ती. सरळ हँडल, जाड टायर, गिअर. वरून पार तांबडी झालेली, पण नळीवर किल्ली आपटली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज यायचा. पोलाद आतून शाबूत होतं. सांगाडा मी पॉलिश पेपरने घासून काढला. अडचण बारीक सामानाची होती. साखळी, नटबोल्ट, ब्रेकच्या पट्ट्या, दातेरी चाकं, सगळ्यांच्या खाचाखोचांत गंज. रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून हात सोलले, तरी हटेना.

थोरल्या साडूंचा सांगलीत हळद पॉलिश करायचा ड्रम होता. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्या भोकाभोकांच्या पत्र्याच्या ड्रममध्ये घालून फिरवतात. एकमेकांवर घासून वरची साल निघते. शेवटच्या फेऱ्यांत हळदीचं पाणी शिंपडलं की माल पिवळाधमक होतो. व्यापारी आपला माल डोळे झाकून साडूंकडे पाठवत. एका सणाला मी त्यांना गंजाचं रडगाणं ऐकवलं, तर ते जेवता जेवता थांबले.

"हळकुंडाची साल निघती, मग लोखंडाची का न्हाई निघायची? घिऊन ये की फौजी."

त्या रविवारी ते वडूजला लग्नाला जाणार होते. किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी एकच अट घातली. काम झालं की ड्रममध्ये भाताचं तूस घालून दोन घाणे फिरवायचे आणि आतून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. सोमवारी सकाळी एका मोठ्या व्यापाऱ्याचा माल चढायचा होता.

मी ड्रमला आतून गोणपाट लावलं, वाळू आणि तूस भरलं, त्यात सगळं सामान टाकलं आणि मोटर चालू केली. काय तो खडखडाट! शेजारच्या गुळाच्या वखारीतली माणसं बघायला आली. एक जण म्हणाला, पावण्यांची हळद लयच कडक हाय वाटतं. दुपारी ड्रम थांबवून हात घातला, तर साखळीची कडी न् कडी चांदीसारखी लकाकत होती. बोल्टांच्या आट्यांत थोडी हळद बसली होती, तेवढीच. मी वेड्यासारखा हसत सुटलो. ते सामान कधी एकदा साताऱ्याला नेऊन जोडतो असं झालं. साताऱ्याची एसटी सुटायला आली होती. मी गोणपाट ओढून काढलं, वाळू झाडली, किल्ली घरी थांबलेल्या मेहुणीबाईंकडे दिली आणि स्टँडवर पळालो.

तूस फिरवलं नाही. फडकं लावलं नाही.

मंगळवारी कारखान्यात फोन आला. व्यापाऱ्याची हळद काळपट निघाली होती. पाणी शिंपडल्यावर भोकांत अडकलेला बारीक गंज सगळ्या मालाला लागला होता. साडूंच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"फौजी, तूस फिरवलं हुतंस न्हवं?"

"हो. दोनदा."

"मग माझाच पत्रा खराब झाला असंल," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

व्यापाऱ्याने काम दुसऱ्या ड्रमवर नेलं. साडूंनी चांगला पत्रा उचकटून नवा बसवला. बाजाराने तरीही नाव ठेवायचं ते ठेवलंच. आणि मी इकडे सायकल जोडत होतो. खरं सांगायचं तर त्या दिवसांसारखा आनंद मला फौजेतल्या बढतीनेही दिला नव्हता. फोरमनला विचारून टूलरूममधल्या भंगाराच्या पत्र्यातून मी पुढचं दातेरी चाक नवं, लहान कापून घेतलं, म्हणजे चढाला पाय हलका पडेल. गिअरचा दांडा मोडलेला होता. तो नवा घडवला आणि त्याला स्कूटरची केबल जोडली. सीटसाठी जाड चामडं मिळवलं. रंग रिक्षा रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. त्याच्याकडे टपाचा पिवळा शिल्लक होता, म्हणून पिवळा. मग काय, गल्लीतून जाताना पोरं ओरडायची, "काका, मीटर टाका!"

बोगद्याजवळच्या चहाच्या टपरीवर आम्हा माजी सैनिकांचा अड्डा असे. तिथे एक सुभेदार म्हणाला की ही रिक्षा यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच वळणावर पेट्रोल मागणार. मी म्हणालो, रविवारी या. पाय न टेकता वर जातो.

रविवारी सांगलीहून साडू पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. त्यांना मी बोलावलं नव्हतं, बायकोने कळवलं होतं. ते सुभेदाराच्या स्कूटरवर मागे बसले आणि माझ्यामागून निघाले. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर केबल सैल पडून गिअर निसटायला लागला, तसा मी दांडा अंगठ्याने दाबून धरला आणि रेटत राहिलो. मागून साडूंचं चालूच, "दाब रं! थांबू नको, गड्या!" छाती फुटेल असं वाटत होतं, पण ते लहान चाक फिरत राहिलं, साखळी एकदाही करकरली नाही. वर यवतेश्वरच्या देवळापाशी पोचलो तेव्हा खाली अख्खा सातारा पसरलेला होता आणि माझा पाय जमिनीला लागला नव्हता. सुभेदाराने स्कूटरवरून उतरून सलाम ठोकला. टपरीवरच्या मंडळींत त्या पिवळ्या सायकलची गोष्ट कितीतरी वर्षं चालली.

साडूंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला, साखळीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "माझा ड्रम गंजला, पन तुजी सायकल चमाकली बघ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात पेढा होता, अशी मी स्वतःची पुष्कळ वर्षं समजूत घातली.

नंतर त्यांच्या मुलीच्या लग्नात ठरवलं, जमलं नाही. कृष्णेच्या घाटावर दोघेच बसलो होतो, तेव्हाही नाही. शेवटी ते आजारी पडल्यावर मी मुद्दाम सांगलीला गेलो. एसटीत सगळं वाक्य जुळवलं होतं. त्यांनी खाटेवर उठून बसत शेजाऱ्यांना हाक मारली आणि हा बघा, ह्यानंच घाटात सायकल चढवली, म्हणून पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. वळणं, केबल, सुभेदाराचा सलाम. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज चढलं होतं की माझ्या तोंडून वाक्य निघेना. चहा झाला. शेजारी गेले. आम्ही दोघेच उरलो. ते माझ्याकडे बघत होते, काही विचारतील असं वाटलं. मी चपला घातल्या आणि नुसतं म्हणालो, "येतो, साडूभाऊ."