पांढऱ्या पेटीवरची गरम हवा

आमचे हे हवामान केंद्रात निरीक्षक. मैदानात पट्ट्यापट्ट्यांच्या दारांची पांढरी पेटी, आत तापमापी. रोज ठरल्या वेळी वाकायचं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, आकडा वहीत लिहायचा. तीस वर्षं हेच. घरीही चहा हातात दिला की विचारतील, "किती अंश?" मी म्हणते, "जीभ भाजेल इतका."

निवृत्तीला महिना उरला आणि अहवाल तयार झाला: तीस वर्षांत इथला पारा दोन अंशांनी चढला. पाच शास्त्रज्ञांच्या सह्या झालेल्या. आकडे बिनचूक असल्याची ग्वाही म्हणून सहावी सही यांची हवी होती. हे अडून बसले.

केंद्राचे साहेब वैतागले. "आता काय झालं?"

"पाच वर्षांपूर्वी तुम्हा सगळ्यांच्या खोलीला एसी बसवला. त्याची गरम हवा थेट पेटीवर येते. तेव्हाच लेखी कळवलं होतं."

"जगभरचे शास्त्रज्ञ तापमान वाढतंय म्हणतात, आणि तुम्ही एकटे शहाणे?"

"वाढत नाही असं कुठं म्हणतोय? मोजून बघू म्हणतोय. सह्या पाच झाल्या, पण पेटी बघायला आलं कोण?"

घरी येऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, "जन्मभर खरं लिहिलंत. शेवटच्या पानावर खोटं लिहून देवासमोर हात कसे जोडाल?"

"तेच तर," म्हणाले, आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पाचांतली सगळ्यात लहान शास्त्रज्ञ साहेबांना म्हणाली, "सर, बघू या ना. सगळ्यांनी केली म्हणून मीही सही करून टाकली."

मैदानाच्या पार टोकाला दुसरी पेटी उभी राहिली. आठ दिवस एसी चालू, आठ दिवस बंद. बंद असताना पाचही जण फायलींनी वारा घेत होते! चालू असताना जुन्या पेटीत अंशभर जास्त. बंद असताना दोन्हींत सारखंच.

"म्हणजे निम्मी वाढ आमच्या एसीची?" साहेबांनी डोक्याला हात लावला.

"आणि निम्मी खरी. तीही थोडी नाही. पण आपल्या खोलीचा ताप जगाच्या नावावर कशाला घालायचा?"

अहवालात दोनाचा एक झाला. सही करायला पेन साहेबांनीच पुढे केलं.

आता हे घरी असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत तापमापी टांगलीय आणि गॅसची धग लागते म्हणून दिवसभर कुरकुर. मी स्पष्ट सांगितलंय, "तापमापी हलवा. माझी शेगडी हलणार नाही."